हातात दिवा घेतलेली बाई ३७ व्या वर्षी कोसळली, पण धडा त्याआधीच संपतो

दरवर्षी १२ मे उजाडला की तुमच्या फोनवर एक चित्र येतंच येतं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पायघोळ झगा, हातात दिवा घेतलेली एक बाई आणि खाली जागतिक परिचारिका दिनाच्या शुभेच्छा. आपण हात जोडलेला इमोजी टाकतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो.

ही बाई म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेच्या पुस्तकात आपली तिची ओळख झाली. पण पुस्तकातली गोष्ट युद्ध संपलं की संपते, आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. युद्धावरून परत आली तेव्हा ती ३६ वर्षांची होती. वर्षभरात ती कोसळली. पुढे ती ९० वर्षांची होऊन गेली, पण मधली कितीतरी वर्षं तिने एका खोलीत, पलंगावर नाहीतर कोचावर काढली.

हे आज सांगायचं कारण म्हणजे बर्नआउट. हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. नुसतं दमणं वेगळं. दमलेला माणूस रविवारी झोपून उठला की ताजा होतो. बर्नआउटमध्ये माणूस आतून करपतो आणि सुट्टी घेऊनही तो करपलेपणा जात नाही. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, आशाताई अशा दुसऱ्याची दुखणी काढणाऱ्यांना तो जास्त गाठतो. म्हणून जगभरातली मोठी हॉस्पिटलं आता कर्मचाऱ्यांच्या हातात प्रश्नांचा कागद देतात आणि कोण किती करपलंय हे वेळीच ओळखायचा प्रयत्न करतात. यालाच स्क्रीनिंग म्हणायचं.

दवाखान्यातली प्रत्येक गोष्ट मोजली पाहिजे हे जगाला पटवून दिलं ते फ्लॉरेन्सने. हवा, पाणी, गटारं, खाटांमधलं अंतर, मृत्यू, सगळं तिने मोजलं. फक्त सेवा करणाऱ्याचा थकवा तिच्या कुठल्याच रकान्यात बसला नाही. तिचा स्वतःचाही नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ती जन्मली, म्हणून नाव फ्लॉरेन्स. घरचे इंग्रज, गडगंज श्रीमंत. इंग्लंडमध्ये दोन मोठी घरं. वडिलांनी पोरीला घरीच ग्रीक, लॅटिन, गणित शिकवलं. पण शिकून करायचं काय, तर चांगल्या घरात लग्न करून पाहुण्यांना चहा द्यायचा. १८३७ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलंय असं तिला वाटलं. नर्स व्हायचं हे पुढे काही वर्षांनी ठरलं आणि घरात आकाशपाताळ एक झालं. त्या काळच्या इंग्लंडात नर्स म्हणजे जिला दुसरं काही काम मिळत नाही ती, दारू पिणारी, अर्धवट शिकलेली, अशी समजूत होती. कुठली आई होकार देईल?

विशी सगळी अशीच गेली. काम नाही, परवानगी नाही. या काळात ती मरणाचे विचार करण्यापर्यंत खचली होती, हे तिच्या खासगी टिपणांवरून कळतं. हे लक्षात ठेवा. माणूस फक्त जास्त कामाने मोडत नाही. हातपाय बांधून ठेवले तरी मोडतो.

शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथे तिला काही महिने शिकता आलं, आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. वय ३३. पहिली नोकरी.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचं युद्ध पेटलं. एकीकडे रशिया, दुसरीकडे ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले आणि लोक खवळले. सरकारात युद्धखात्याचे मंत्री होते सिडनी हर्बर्ट, फ्लॉरेन्सचे जुने स्नेही. त्यांनी तिला विचारलं आणि ती ३८ नर्स घेऊन निघाली. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती इस्तंबूलजवळच्या स्कुतारीला पोचली.

तिथलं हॉस्पिटल म्हणजे तुर्की सैन्याची अवाढव्य बराक. तिच्या बोळांतून माणसं एकमेकांना चिकटून पडलेली. खाली तुंबलेली गटारं, वर उंदीर. ना पुरेशी भांडी, ना कपडे, ना साबण. जखमींचं जहाज लागलं की ती वीस-वीस तास उभी असायची. दिवसभर सामानसुमानाची भांडणं, अधिकाऱ्यांशी हुज्जत, नर्सांवर देखरेख. रात्री मेलेल्या सैनिकांच्या आयांना पत्रं.

आणि मग तो दिवा. चित्रात दिसतो तसा तो नव्हताच बरं का. तुर्की लोक वापरतात तसा घडीचा कंदील होता, चिनी आकाशकंदिलासारखा. रात्री आठनंतर बाकी कुठल्याही बाईने वॉर्डात जायचं नाही, हा नियम फ्लॉरेन्सनेच केला होता. नर्सांच्या अब्रूवर कुणी बोट ठेवू नये म्हणून. त्यामुळे रात्रीची फेरी तिची एकटीची. लंडनच्या सचित्र साप्ताहिकात ते चित्र छापून आलं आणि ती देवी झाली.

आजच्या एखाद्या नर्सिंग सुपरिंटेंडंटला हा रोस्टर दाखवून बघा. दिवसपाळी तीच, रात्रपाळी तीच, स्टोअर तीच, हिशेब तीच. बदली माणूस नाही. आपण त्याला त्याग म्हणतो, पण ड्युटीचा तक्ता म्हणून बघितला तर कुणीही डोक्याला हात लावेल.

तिच्याबरोबर आलेल्या नर्सांचं काय झालं, हे तर चित्रात येतच नाही. काहींना दारूपायी घरी पाठवलं. काही आजारी पडून गेल्या. काही तिथेच तापाने दगावल्या. मे १८५५ मध्ये फ्लॉरेन्स स्वतः बालाक्लाव्हाला गेली असताना तिलाही त्या तापाने गाठलं. ती वाचते की जाते अशी स्थिती होती. केस कापावे लागले. घरी परत जा, असा सल्ला तिला मिळाला. ती गेली नाही. आणखी वर्षभर, युद्ध संपून शेवटचा रुग्ण हलेपर्यंत, ती तिथेच राहिली.

ऑगस्ट १८५६ मध्ये ती परतली. स्वागताच्या मिरवणुका टाळायला तिने प्रवासात मिस स्मिथ हे नाव घेतलं आणि स्टेशनवरून चालत घरी गेली. अंगावर मांस उरलं नव्हतं. झोप येत नव्हती, अन्न जात नव्हतं. स्कुतारीत पुरलेली पोरं डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आता कुणालाही वाटेल की तिने सहा महिने डोंगरावर जाऊन राहायला हवं होतं. तिने उलटं केलं. दीडेक महिन्यात राणी व्हिक्टोरियाला भेटून सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारं रॉयल कमिशन नेमायची मागणी केली. ते नेमलं गेलं, पण बाई असल्यामुळे तिला त्यात जागा नव्हती. म्हणून पडद्यामागून सगळं तिनेच केलं. साक्षीदार कोण, त्यांना विचारायचं काय, अहवालात लिहायचं काय. शिवाय स्वतःचा शेकडो पानांचा वेगळा अहवाल. ऑगस्ट १८५७ मध्ये शरीराने हात टेकले. छातीत धडधड, धाप, अन्न समोर आलं तरी मळमळ. आपण आता मरणार अशी तिची खात्री झाली.

ती मेली नाही, पण तिचं चालतंबोलतं आयुष्य तिथे थांबलं. तिच्या कामाचा वेग मात्र वाढला. फरक इतकाच की आता ते पलंगावरून चालू झालं.

तिला झालं तरी काय होतं? यावर दीडशे वर्षं वाद आहे. काहींना ते सोंग वाटलं. पाहुणे टाळायचे आणि घरच्यांना दूर ठेवायचं, तर आजारपणासारखी ढाल नाही. काहींना तो मनाचा आजार वाटला. १९९५ मध्ये ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात डी. ए. बी. यंग यांनी मांडलं की क्रिमियातला ताप म्हणजे ब्रुसेलोसिस असावा. जनावरांच्या कच्च्या दुधातून वगैरे येणारा हा जंतुसंसर्ग नीट उपचार झाले नाहीत तर वर्षानुवर्षं उलटत राहतो. अंगदुखी, थकवा, निराशा, सगळं त्यात बसतं. १२ मे हा तिचा जन्मदिवस, तोच दिवस आज दीर्घ थकव्याच्या आजाराचा जागृती दिन म्हणूनही पाळतात, तो याच कारणाने.

मला स्वतःला सोंगाची गोष्ट पटत नाही. सोंग करणारा माणूस इतकी वर्षं इतकं काम करत नाही. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं निदान लेखातून करायचं नसतं, त्यामुळे तिला बर्नआउट झाला होता असं मी म्हणणार नाही. यातून आजच्या स्क्रीनिंगबद्दलची एक गोष्ट मात्र कळते. थकव्याचा कागद भरून घेतला म्हणजे निदान झालं असं नाही. थायरॉइड, रक्त कमी असणं, जुना संसर्ग, नैराश्य, हे सगळं थकव्याच्या वेषात येतं. कागदावर आकडा जास्त आला तर पुढे माणसाने माणसाला तपासायला हवंच.

आता तिच्या आकड्यांकडे येऊ, कारण खरी फ्लॉरेन्स तिथे आहे.

क्रिमियात सुमारे २० हजार ब्रिटिश सैनिक मेले आणि त्यातले सुमारे १६ हजार शत्रूच्या गोळीने मेलेच नाहीत. जुलाब, कॉलरा, टायफस यांनी मेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुतारीत मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ वर गेलं होतं. मार्चमध्ये सरकारची स्वच्छता समिती आली. गटारं उपसली, पाण्याची सोय केली, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ वर आलं. फ्लॉरेन्सला याचा पुरता अर्थ इंग्लंडमध्ये परतल्यावर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर बसल्यावर कळला. आपल्या डोळ्यांदेखत मेलेली पोरं आपल्या सेवेच्या उणिवेने गेली नव्हती, इमारतीने गेली होती. आणि आपल्यालाही ते तेव्हा दिसलं नव्हतं. हा घाव साधा नव्हता.

मग तिने ती प्रसिद्ध गोल आकृती काढली, पाकळ्यांसारखी. ज्यांना आकडे वाचायचा कंटाळा, त्या मंत्र्यांनाही कळावं म्हणून. तिच्या म्हणण्याचं सार असं होतं की सैनिक कमकुवत म्हणून मरत नाहीत, बराकी वाईट म्हणून मरतात. म्हणजे सैनिकाला धीर देत बसू नका, बराक दुरुस्त करा.

हीच पद्धत तिने हिंदुस्थानला लावली. ती इथे कधीच आली नाही. पण हिंदुस्थानातल्या छावण्यांना तिने छापील प्रश्नावल्या पाठवल्या. पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, किती माणसं एका खोलीत झोपतात. उत्तरांचे गठ्ठे लंडनला तिच्या घरी येऊन पडले. १८६३ च्या अहवालात दिसलं की इथले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ या दराने मरत होते. पुढे ती सैनिकांवरून रयतेकडे वळली. दुष्काळ, कालवे, खेड्यांची स्वच्छता. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

म्हणजे दूरच्या छावणीत राहणाऱ्या, कधी न पाहिलेल्या माणसाची अवस्था प्रश्नावलीतून ओळखायची, हे तंत्र या बाईला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची अवस्था मात्र तिला दिसली नाही.

खुर्चीत बसले होते सिडनी हर्बर्ट. तेच, ज्यांनी तिला स्कुतारीला पाठवलं होतं. १८५९ मध्ये ते पुन्हा युद्धमंत्री झाले आणि सैन्याच्या आरोग्याच्या सगळ्या सुधारणा त्यांच्यामार्फत होऊ लागल्या. ती पलंगावरून योजना पाठवायची, ते सरकारात ती रेटायचे. १८६० च्या शेवटी डॉक्टरांनी त्यांना मूत्रपिंडाचा असाध्य आजार सांगितला. त्यांना थांबायचं होतं. फ्लॉरेन्सने थांबू दिलं नाही. कॉमन्स सभागृह सोडा हवं तर, पण खातं सोडू नका, असा तिचा आग्रह. ते राहिले. शेवटी युद्धखात्याची सुधारणा आपल्याच्याने होत नाही असं त्यांनी कबूल केलं, तेव्हा तिने त्यांची कीव केली नाही, उलट सुनावलं. हाती आलेला डाव तुम्ही घालवलात अशा अर्थाचं. २ ऑगस्ट १८६१ रोजी ते गेले. वय ५०.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्थर क्लॉ गेले. चांगले कवी, तिच्या आतेबहिणीचे नवरे. तिची मुद्रितं तपासणं, पार्सलं बांधणं, गाडीची वेळ बघणं, असली कामं ते बिनपगारी करायचे. वय ४२. त्यांची प्रकृती आधीपासून बरी नव्हती, त्यामुळे दोष तिचा एकटीचा नाही. पण हलका करायचा भार तिने हलका केला नाही, हे खरं. तिची सेवा करणारी मे आत्या १८६० मध्ये स्वतःच्या घरी परत गेली. तिला स्वतःची मुलंबाळं होती. फ्लॉरेन्सला ती गद्दारी वाटली आणि पुढची कितीतरी वर्षं तिने आत्याला माफ केलं नाही.

वाईट वाटतं हे वाचून. पण ज्यांनी एखाद्या कर्तबगार आणि करपलेल्या बॉसच्या हाताखाली काम केलंय, त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. स्वतःला सूट न देणारा माणूस इतरांना कुठून देणार?

आता नर्सांकडे वळू. क्रिमियाच्या कौतुकापोटी लोकांनी जमवलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिची नर्सिंग शाळा सुरू झाली. आजच्या नर्सिंग शिक्षणाचा पाया तो हाच. मेट्रन वॉर्डरोपरबाई. दर महिन्याला प्रत्येक विद्यार्थिनीचा एक छापील तक्ता भरला जायचा. वेळ पाळते का, शांत असते का, भरवशाची आहे का, नीटनेटकी आहे का, वॉर्ड कसा सांभाळते. शिवाय मलमपट्टी, जळवा लावणं अशी कामं किती येतात. प्रत्येकापुढे शेरा.

मोठा हुशार तक्ता होता. नर्स म्हणजे दारू पिणारी बाई हा डाग पुसायचा तर चारित्र्याचा पुरावा हवाच होता. पण एक गंमत बघा. सैनिक मरतो तेव्हा बराक तपासा म्हणणारी बाई नर्सच्या बाबतीत नर्सला तपासत होती. तिच्या वाट्याला किती रुग्ण आले, किती रात्री सलग झाल्या, असा रकाना त्यात नव्हता.

तिला नर्सांची काळजी नव्हती असं मात्र म्हणू नका. नर्सला स्वतःची खोली हवी, रात्रपाळीवालीला दिवसा गोंगाटाशिवाय झोपता यावं, गरम शिजवलेलं जेवण मिळावं, वर्षाला सुट्टी असावी, यासाठी ती भांडली. तिच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकात तर फार यांच्या मदतीने केलेला एक तक्ता आहे, लंडनच्या रुग्णालयांतल्या मेट्रन, सिस्टर आणि नर्स किती मरतात याचा. शहरातल्या इतर बायकांपेक्षा संसर्गाने जास्त मरतात, हे त्यातून दिसलं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या धोक्याची ही फार जुनी मोजणी आहे. मेलेली नर्स तिने मोजली. मेटाकुटीला आलेली राहून गेली.

आणि मग अ‍ॅग्नेस जोन्स.

अ‍ॅग्नेस तिच्याच शाळेत शिकलेली. १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या गरिबांच्या इस्पितळात, ब्राउनलो हिलला, ती सुपरिंटेंडंट म्हणून गेली. बाराशेच्या वर रुग्ण, सोबत सेंट थॉमसमधून आलेल्या बारा नर्स. बाकी काम इस्पितळातल्याच निराधार बायकांकडून करून घ्यायचं, त्यातल्या कित्येक नशेत. अ‍ॅग्नेस पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत वॉर्डातून फिरायची. तिने ते इस्पितळ बदलून टाकलं. फेब्रुवारी १८६८ मध्ये तिला टायफस झाला. तीन वर्षं झिजलेल्या शरीरात लढायला काही उरलं नव्हतं. ती ३५ व्या वर्षी गेली.

फ्लॉरेन्सने तिच्यावर एक लेख लिहिला. जुन्या इंग्रजी काव्यातल्या, सिंहाला माणसाळवणाऱ्या युनाची उपमा तिला दिली आणि इंग्लंडच्या मुलींना पुढे येऊन तिची जागा घ्यायचं आवाहन केलं. लेख गाजला. पण हाच लेख एखाद्या सैनिकाबद्दल असता, तर फ्लॉरेन्सने आधी विचारलं असतं की बाराशे माणसांमागे एवढेच हात का? अ‍ॅग्नेसबद्दल तिने तसं विचारलं नाही. तिची संत करून टाकली. फोनवर येणारं दिव्याचं चित्रही याच जातीचं आहे. माणूस देवळात बसवला की त्याच्या ड्युटीचे तास मोजावे लागत नाहीत.

थकव्याला नाव मिळायला आणखी शंभरेक वर्षं लागली. न्यू यॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ दिवसभर आपली प्रॅक्टिस करून रात्री गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबायचे. एके दिवशी घरच्यांबरोबर सहलीला निघायचं होतं आणि त्यांना अंथरुणातून उठवेना. मग त्यांनी टेपरेकॉर्डरसमोर बसून स्वतःचं बोलणं मुद्रित केलं आणि परक्याचं ऐकावं तसं ऐकलं. १९७४ मध्ये त्यांनी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या बर्नआउटवर लेख लिहिला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅसलाख आणि सुसान जॅक्सन यांनी मोजायची पट्टी तयार केली. २२ विधानं. प्रत्येकापुढे असं किती वेळा वाटतं ते लिहायचं, कधीच नाही म्हणजे ० आणि रोज म्हणजे ६.

ही पट्टी तीन गोष्टी बघते. मन किती रितं झालंय. रुग्णाबद्दल किती कोडगेपणा आलाय, म्हणजे खाटेवर माणूस दिसतो की नुसता नंबर. आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय असं वाटतं का. स्कुतारीहून परतलेल्या फ्लॉरेन्सच्या हातात हा कागद दिला असता तर? पहिला आकडा वर गेला असता, यात शंका नको. तिसऱ्याचं उत्तर चक्रावणारं आलं असतं. अख्खं जग जिला डोक्यावर घेत होतं, ती आपण हरलो असंच मानत होती. कोडगेपणाचं उत्तर हर्बर्ट देऊ शकले असते.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी स्थिती म्हणून. हे फार महत्त्वाचं आहे, कारण स्क्रीनिंग नेमकं इथेच घसरतं. हॉस्पिटल कागद वाटतं, वर नाव लिहायला सांगतं. तो वरिष्ठांच्या टेबलावर जाणार हे नर्सला माहीत असतं. ती सगळीकडे ० लिहिते आणि मोकळी होते. किंवा खरं लिहिते, आणि मग तिला एक दिवसाच्या ध्यानशिबिराला पाठवतात. परत आली की तोच वॉर्ड, त्याच खाटा, तीच पाळी. वॉर्डरोपरबाईंचा तक्ता नव्या कागदावर छापलेला असतो, दुसरं काही नाही.

उलट फ्लॉरेन्सची बराकींची रीत लावून बघा. नाव न लिहिता कागद भरून घ्यायचा आणि वॉर्डाप्रमाणे, पाळीप्रमाणे बेरीज करायची. अमुक आयसीयूच्या रात्रपाळीतच सगळे करपलेले निघाले तर तिथल्या नर्सांची मनं तपासत बसण्यात अर्थ नाही. तिथे माणसं किती कमी आहेत, सलग किती रात्री लागतात, हे बघायचं. जी एकटी फारच खचलेली आहे तिला मदत हवी, ती वेगळी आणि गुपचूप. आणि काही बदलायची तयारीच नसेल तर विचारूच नये. एकदा खरं सांगून काही झालं नाही, तर पुढच्या वेळी कुणी खरं सांगत नाही.

फ्लॉरेन्स मात्र शेवटी बदलली, आणि तिच्या आयुष्यातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. १८७० च्या दशकापासून, पन्नाशी उलटल्यावर, ती आपल्या शाळेतल्या नर्सांना एकेकीला लंडनच्या साउथ स्ट्रीटवरच्या घरी चहाला बोलावू लागली. पोरीला भरपूर खाऊ घालायची, वॉर्डात काय चाललंय ते ऐकायची आणि ती गेल्यावर टिपण करून ठेवायची. आजारी नर्सला घरून खाणं पाठवायची. दमलेलीला हवापालटाला पाठवायची आणि खर्च स्वतः करायची. ज्या बाईने हर्बर्टना थांबू दिलं नव्हतं, तीच आता पोरींना विश्रांती घ्यायला लावत होती. तिची स्वतःची तब्येतही याच काळात पुढे पुढे सुधारत गेली. हातापायाच्या काड्या झालेली ती बाई म्हातारपणी चांगली गोल गरगरीत झाली.

१९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पण तोवर दृष्टी गेली होती, आठवणही विरत चालली होती, आणि समोर काय आणलंय हे तिला नीटसं उमगलं नाही. १३ ऑगस्ट १९१० रोजी दुपारी झोपेतच ती गेली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफनाचा प्रस्ताव आला, तो घरच्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी तिला पुरलं. दगडावर तिच्या नावाची दोन आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची नोंद एवढंच आहे. दिवा कोरलेला नाही.